दिनानाथनं काढून टाकलेलं

दिनानाथ आमच्या घरी पहिल्यांदा आला तो व्हीसीआरसाठी आला, माझ्यासाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या माणसाचा मी जिवलग मित्र होतो अशी बढाई मारतोय, असं कोणाला वाटायचं. शाळेत तो माझ्या दोन इयत्ता पुढे होता आणि त्या सगळ्या वर्षांत तो माझ्याशी धड दोन वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही.

वैशाखातली सकाळ होती. मी अंगणात नारळ सोलत बसलो होतो. फाटकाशी स्कूटर थांबली. उंच, वाळका, पांढऱ्या दाढीचा माणूस, पायांत एवढ्या उकाड्यातही जाड बूट. स्कूटर धड उभी करायच्या आत त्यानं बोलायला सुरुवात केली.

"तुज्याकडेन व्हीसीआर आसा म्हण आयकलां. चलता?"

"चलता. पूण तूं कोण तें आदीं सांग," मी म्हणालो. ओळखलं होतं, तरी म्हणालो.

"पुंडलिकाचो दिना. खंय आसा व्हीसीआर?"

मी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्यांच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला होतो. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून लोकांनी टाकून दिलेले टेपरेकॉर्डर, रेडिओ, पंखे असलं काहीबाही दुरुस्त करत असतो. सगळ्या पेडणे तालुक्यात चालता व्हीसीआर बहुधा माझ्याकडेच उरला असावा. बायको त्याला अडगळ म्हणते. त्या दिवसापासून चार महिने दिनानाथ जवळजवळ रोज आमच्याकडे यायचा. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पाच दिवस उरले असताना तो अमेरिकेला परत गेला, आणि त्या गोष्टीचा मला अजून राग आहे.

त्याचा धंदा एडिटिंगचा. पणजीला कॉलेज, मग पुण्याला सिनेमाचं शिक्षण, तिथून जो अमेरिकेला गेला तो तिथलाच झाला. पासपोर्टही तिथला. दोन सिनेमे आणि कितीतरी टीव्ही मालिका त्यानं एडिट केल्या होत्या. पोलीस, डॉक्टर नाहीतर वकील. त्याच्याकडून ऐकून ऐकून मला वाटायला लागलं होतं, की अमेरिकेत या तिघांशिवाय कोणाला कामधंदाच नसावा. त्याची बहीण शालू आमच्याच गावात वरच्या वाड्यावर दिलेली. त्याची मालिका इथल्या कुठल्याशा चॅनेलवर लागायची तेव्हा शालू वाड्यावरच्या सगळ्यांना गोळा करायची. दिनाचं नाव पडद्यावर जेमतेम दीड सेकंद टिकायचं. तेवढ्यात ते कोणाला दिसायचं नाही म्हणून ती आधीपासूनच टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून उभी राहायची, नाव उमटायचं त्या नेमक्या जागी. नाव आलं की "हें! हें!" म्हणून ओरडायची, आणि तिच्या बोटाखाली अर्धं नाव झाकलेलं असायचं.

एकदा मी त्याला सरळच विचारलं, की बाबा रे, तू नेमकं करतोस काय?

"हांव कांय करिना. नाका तें काडटां," तो म्हणाला.

"म्हणजे उरता तें तुजें."

"ना रे. उरता तें डायरेक्टराचें. काडून उडयतां तें म्हजें."

उरतं ते डायरेक्टरचं आणि काढून टाकलेलं तेवढं आपलं, हे बोलतानाही तो उभाच होता. दिना बसायचा नाही. चहाचा कप घेऊन अंगणभर फिरायचा, तुळशीपर्यंत जायचा, परत यायचा, निम्मा चहा कुठल्या तरी कुंडीच्या काठावर ठेवून विसरायचा. संध्याकाळी बायको ते कप गोळा करत फिरायची. काम करतानाही उभाच. टीव्ही आम्हाला कपाटाच्या मधल्या फळीवरून काढून वरच्या फळीवर ठेवावा लागला, कारण साहेबांना मान वाकवून बघायला आवडत नव्हतं. एकच तुकडा आधी आवाज बंद करून बघायचा, मग टीव्हीकडे पाठ करून नुसता ऐकायचा. मला वाटायचं, अशानं दिवस वाया जातो. पण त्याला कळायचं ते मला कळायचं नाही, हे खरं.

कोणी बोलायला लागलं की त्याची बोटं चाळवायला लागायची. आमची सुमन म्हणजे माझी बायको गोष्ट सांगते ती मुळापासून. म्हापशाच्या बाजारात कोण भेटलं हे सांगायचं असेल तर सकाळी बांयवर पाणी काढण्यापासून सुरुवात. एके दिवशी ती अशीच रंगात आली होती. दिनानं दोन बोटं वर केली आणि कातरीसारखी मिटली.

"वैनी, बांय सोड. बसीकडल्यान सुरू कर."

सुमन असली भडकली! "हो म्हजें उलोवप कापूंक अमेरिकेसून आयलो?" म्हणून ती आत गेली आणि त्या दिवशी त्याला चहाच दिला नाही. पण गंमत अशी, की हल्ली ती गोष्ट सांगते ती बसपासूनच सांगते. माझ्या तीस वर्षांच्या विनवण्यांनी जे झालं नाही, ते त्याच्या दोन बोटांनी झालं.

आता व्हीसीआरचं. दिनाला त्याच्या वडिलांचा आवाज हवा होता. पुंडलिकबाब आमच्या शाळेत शिपाई होते. घंटा द्यायचे, पाण्याचे माठ भरायचे. अबोल माणूस. ते गेले तेव्हा दिना आला नाही. एका मालिकेचा शेवटचा भाग त्याच्या टेबलावर होता. फोटो होते, पण आवाज कुठेच नव्हता. फोनवरचं बोलणं त्या काळी कोण भरून ठेवणार? आवाज असलाच तर एकाच ठिकाणी होता, शालूच्या लग्नाच्या मूळ चित्रीकरणात. त्या लग्नालाही दिना नव्हता. म्हणून व्हिडिओवाल्यानं पुंडलिकबाबांना कॅमेऱ्यासमोर उभं करून "दिनाक कितें तरी सांगात" असं म्हटलं होतं, आणि ते काहीतरी बोलले होते. हे शालूला पक्कं आठवत होतं, कारण त्या वेळी मुंडावळ्या बांधून ती तिथेच बसली होती.

व्हिडिओ काढला होता डिचोलीच्या मोहनबाबांनी. कच्च्या, म्हणजे न कापलेल्या, कॅसेटी त्यांच्याकडून हरवल्या, असं दिनानं मला सांगितलं. त्यांच्यावर तो भारी चिडलेला. एकट्या मोहनबाबांवर नव्हे, तमाम व्हिडिओवाल्यांवर. "सगळ्यांनी एकच पाप केलां," असं म्हणायचा. आणि ते खरंच होतं. तुमच्या घरातली त्या काळातली लग्नाची कॅसेट लावून बघा. नवरा-नवरी गुलाबाच्या फुलातून बाहेर येतात, बदामाच्या आकारात शिरतात, आणि वर पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी. भटजींचं तोंड हलतं, आजोळची माणसं हसतात, मामा काहीतरी ओरडून सांगतो, आणि ऐकू येते ती सनई नाहीतर कुठल्या तरी हिरोईनचं गाणं. कोणाचाही आवाज नाही. आमच्या दोन तालुक्यांत एक अख्खी पिढी अशी मुकी होऊन कॅसेटीत बसली आहे.

मोहनबाब आता थकलेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दुकानात मुलानं मोबाईलची कव्हरं मांडली आहेत, पण माळ्यावर जुन्या कॅसेटींचं पोतं तसंच होतं. मी दिनाबरोबर गेलो होतो. दिना म्हाताऱ्यावर खेकसलाच. मोहनबाब नुसते डोळे मिचकावत म्हणाले, "म्हाका दिसतालें, हांवें त्यो धाडिल्ल्यो. पूण तूं म्हणटा जाल्यार उरल्यो आसतल्यो खंय तरी." मग आठवून आठवून त्यांनी सांगितलं, की कॅमेऱ्यातल्या छोट्या कच्च्या कॅसेटी देण्याआधी ते मोठ्या कॅसेटीवर एक नक्कल मारून ठेवायचे. पण कॅसेटी महाग, म्हणून त्याच नकलेवर पुढचं लग्न भरायचे.

"म्हणजे पुसलें," मी म्हणालो.

दिनाचे डोळे मात्र चमकले. एक लग्न तीन तासांचं, त्याच्यावर भरलेली मुंज दोन तासांची, तर शेवटचा एक तास त्या आधीच्या लग्नाचाच राहतो. प्रत्येक कॅसेटीला असं कोणाचं तरी शेपूट चिकटलेलं असणार. चिठ्ठीवर एकाचं नाव आणि शेवटी भलताच माणूस. म्हणजे पोत्यातली प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत बघायला हवी होती, आणि ती बघायला माझा व्हीसीआर.

तेव्हापासून आमचा उद्योग सुरू झाला. कॅसेटींना बुरशी धरली होती. मी एकेक उघडून फीत पुसायचो, तो मागे येरझाऱ्या घालायचा आणि दर पाच मिनिटांनी "जालें?" म्हणून विचारायचा. त्या चार महिन्यांत मला जितकं "जालें?" ऐकावं लागलं तितकं कारखान्यात मॅनेजरकडूनही ऐकलं नव्हतं. एकदा मी स्क्रू ड्रायव्हर आपटला आणि म्हणालो, तू आधी स्कूटर घेऊन दूर कुठेतरी जा. तो खरोखर गेला, हरमलपर्यंत जाऊन आला, आणि फाटकातूनच विचारलं, "जालें?"

बाबा सापडत नव्हते, पण दुसऱ्यांचं बरंच काही सापडत होतं. नक्कल कच्ची असल्यामुळे तिच्यावर गाणी नव्हती, खरे आवाज होते. एका शेपटात पाळीचं लग्न निघालं. नवऱ्याचा पोशाख केलेला एक दांडगा माणूस मंडपाच्या मागे आचाऱ्याशी भांडत होता. तुकडा मुलाच्या मोबाईलवर पाठवला, तर मोहनबाबांनी त्याला ओळखलं. खाणीवर टिपर चालवायचा, काही वर्षांपूर्वी वारला. बायको तिथेच असते. हे ऐकताच दिनाला एक क्षण धीर धरवेना. त्याच दुपारी तो तुकडा मोबाईलवर घेऊन आम्ही दोघं स्कूटरवरून पाळीला निघालो. डिचोली मागे पडल्यावर खाणीच्या धुळीनं रस्ता लाल, झाडं लाल, आणि माझा पांढरा सदराही लाल.

ती बाई ओसरीवर काजूच्या बिया वाळत घालत होती. दिनानं काही प्रस्तावना केली नाही. मोबाईल तिच्यासमोर धरला. आतून नवऱ्याचा दणदणीत आवाज आला, "मीठ कमी आसा म्हण कितले फावट सांगूं तुका!"

बाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता ती रडणार, आणि आपण हे काय करून बसलो. ती हसत होती. हसता हसता तिचे डोळे भरले. "लग्नादिसाय म्हाका पळोवंक ना बघ तो. मीठ पळयतालो!" ती म्हणाली. नवरीकडे बघायचं सोडून मीठ बघत होता म्हणे. तिनं परत लावायला सांगितलं. सात-आठ वेळा तरी लावलं असेल. आम्ही निघालो तेव्हा ती म्हणाली, हा आवाज मी विसरले होते, हे मला ठाऊकच नव्हतं. परतीच्या वाटेवर दिनानं स्कूटर अशी हाणली की मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारल्या.

आता नाटकाचा प्रसंग सांगायला हवा, कारण सगळं तिथेच फिरलं. आमच्या देवळात वर्धापनाला गावच्या पोरांनी मराठी नाटक केलं होतं, आणि एवढा मोठा एडिटर गावात आलाय म्हटल्यावर त्याचं चित्रीकरण कापायचं काम दिनाच्या गळ्यात पडलं. साडेतीन तासांचं नाटक त्यानं दीड तासात आणलं. मी आधी बघितलं होतं. खोटं कशाला बोलू, मी चाट पडलो. आमची पोरं एवढं चांगलं काम करतात हे मला माहीत नव्हतं, आणि खरं म्हणजे ती करतही नाहीत. कुठे अडखळणं नाही, कुठे पडदा अडकणं नाही. ज्यांना संवाद म्हणता येत नव्हते त्यांचे त्यानं नुसते चेहरे ठेवले होते, आणि ते चेहरे बोलत होते.

आषाढात देवळाच्या सभागृहात ते सगळ्यांना दाखवलं. संपलं, दिवे लागले, आणि टाळ्या पडल्या त्या अगदीच मिळमिळीत. मग पुढच्या ओळीतून एक म्हातारी उठली. राजाचं काम करणाऱ्या बाबलोची आई.

"म्हजो बाबलो विसरलो तो खंय?"

मूळ नाटकात बाबलो भर दरबारात भाषण विसरला होता. विसरला तो विसरला, वर सिंहासनावरून खाली वाकून प्रॉम्प्टरला "कितें रे फुडें?" असं मोठ्यानं विचारलं होतं. अख्खं देऊळ हसून लोटपोट झालं होतं. त्यानंतर महिनाभर गावात एकमेकांना भेटल्यावर लोक "कितें रे फुडें?" असंच विचारायचे.

"ती जागा खराब आसली, मावशी. म्हूण काडली," दिना म्हणाला.

"खराब? सगळो गांव हांसलो थंय!"

मग सगळेच बोलायला लागले. पडदा अडकला होता तेव्हा मध्येच रंगमंचावर आलेलं कुत्रं कुठे गेलं? वीज गेली होती तेव्हा सगळ्यांनी मिळून म्हटलेली आरती कुठे गेली? दिना त्यांना समजावायला लागला, की बघणाऱ्याचं लक्ष उडतं, जिथे काही घडत नाही तो भाग काढावाच लागतो. त्याची बोटं सारखी हलत होती. मला त्याची दया येत होती आणि थोडी मजाही वाटत होती. इतक्यात मागून शालूचा आवाज आला. ती मोठ्यानं बोलली नाही, पण सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

"बाबाय असोच बसलेलो. कॅसेट सोंपली आनी म्हाका म्हणलो, 'म्हजें खंय?' हांवें सांगलें, कॅसेटींत जागो उरूंक ना."

दिनाची बोटं थांबली.

"तूंच सांग, दिना," ती म्हणाली. "म्हज्या लग्नाचो व्हिडिओ कोणें केल्लो? मोहनबाबान?"

मोहनबाबांनी केला नव्हता. कच्च्या कॅसेटी त्यांनी इमानानं अमेरिकेला पाठवल्या होत्या. भाऊ एडिटर, तर बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ दुसरा कोण करणार? दिनानंच पाच तासांचा पंचवीस मिनिटांचा केला होता. गुलाब आणि बदाम नव्हते एवढंच, पण गाणं त्यानंही घातलं होतं. वडिलांना त्यानंच काढलं होतं, आणि घर बदलताना कच्च्या कॅसेटी फेकून दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. त्याला बसवलं सुमननं, अक्षरशः खांद्याला धरून. चहा दिला तो त्यानं हातातच धरून ठेवला. म्हणाला, तेव्हा मी नवा होतो, नुकतं एडिटरच्या खुर्चीत बसवलं होतं. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ ऑफिसात सगळ्यांना दाखवायचा होता. भारतातलं लग्न, त्यांना अप्रूप. आणि बाबा त्यात असे उभे होते, असं काहीतरी करत होते, की ते हसले असते.

"म्हाका लज दिसली रे," तो म्हणाला. "बापायची."

"मग मोहनबाबाचेर कित्याक खापर फोडलें?" मी विचारलं. मला त्याचा संताप आला होता. त्या म्हाताऱ्याचे मिचमिचे डोळे मला आठवत होते.

त्यानं कप खाली ठेवला आणि स्कूटर काढली. संध्याकाळी मोहनबाबांचा फोन आला, की तुमचा मित्र येऊन माझे पाय धरून गेला, मला काही कळेना, काय झालंय त्याला? मी सांगितलं, काही नाही, अमेरिकेची हवा.

बाबा काय बोलले होते, हे दिनाला आठवत नव्हतं. हे त्याचं खरं दुखणं. ते वाक्य आपण एकदा नव्हे, पन्नास वेळा पुढे-मागे करून बघितलं असणार, असं तो म्हणायचा. कुठून कापायचं ते ठरवायला बघावंच लागतं. आणि तरी त्यातला एक शब्द आठवत नाही. त्या दिवसानंतर "जालें?" बंद झालं. तो नुसता अंगणात चालत राहायचा. नारळाच्या झाडांमधून त्याच्या बुटांची वाट पडली. श्रावण आला, तिकडून त्याला नव्या मालिकेचं बोलावणं आलं, तिकीट निघालं. पोत्यात वीसेक कॅसेटी उरल्या होत्या आणि सापडण्याची आशा आम्ही दोघांनीही सोडली होती. दोघांपैकी कोणी तसं म्हणत नव्हतं.

तो जायच्या आदल्या दिवशीची दुपार. सुमन चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत होती. शालू तिला मदतीला आली होती. दिना अंगणात. मी "शिरगांव, मुंज" असं लिहिलेली कॅसेट शेवटाकडे पळवत होतो. मुंज संपली, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि मुंग्यांतून शालूच्या लग्नाचा मंडप निघाला. मला कोणी सांगायची गरज नव्हती. मधोमध पुंडलिकबाब उभे होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, हातात मोहनबाबांचा माइक.

मी हाक मारली. कशी मारली ते आठवत नाही, पण शालू पिठाच्या हातांनी धावत आली आणि दिना दारातच थांबला.

"उलयात बाबा," तरण्या मोहनबाबांचा आवाज आला.

पुंडलिकबाबांनी माइक तोंडाजवळ नेला. "दिना, बरो आसा मरे?" बरा आहेस ना, असं विचारलं, आणि माइक उचलून कानाला लावला.

मला हसू फुटलं. हे मी कबूल करतो. माइक कानाला लावून तो माणूस अगदी गंभीरपणे खाली बघत उभा होता. मग मान हलवली, माइक पुन्हा तोंडाशी आणला. "बरें. जेवण बी बरें मेळटा मरे?" पुन्हा कानाला. मागे कोणीतरी मोठ्यानं हसलं. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"फोनार अशेंच करचें पडटालें," शालू हळूच म्हणाली. "पेडण्याच्या त्या बूथार. एक उलोवचें आनी रावचें. तुजो आवाज उसरां पावतालो."

अमेरिकेतला आवाज तेव्हा खरंच उशिरा पोचायचा. मध्ये बोललं तर दोघांचंही बोलणं एकमेकांत अडकायचं. पुंडलिकबाब ते शिकले होते. एक प्रश्न विचारायचा आणि मुलाचं उत्तर पोचेपर्यंत थांबायचं. माइक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. दिनाला सांगायचंय म्हटल्यावर त्यांच्या लेखी तो फोनच होता.

"शालूचें लग्न जालें. सगळीं बरीं आसात," ते म्हणाले. कानाला लावून थांबले. मग जरा आवाज खाली आणून, "चवथीक येतलो मरे?"

या वेळी ते सगळ्यांत जास्त थांबले. माइक कानाशी दाबून धरला होता. डोळे मिटले होते. मग डोळे उघडले. "कांय हरकत ना. काम आसतलें. फुडल्या वर्सा यो," असं म्हणून त्यांनी माइक मोहनबाबांना परत दिला, आणि पडदा पुन्हा मुंग्यांनी भरला.

स्वयंपाकघरात तेल जास्त तापल्याचा वास येत होता आणि सुमन दारात उभी होती.

"फाटीं घे," दिना म्हणाला.

मी मागे घेतली. तो टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. बाबांनी विचारलं, बरो आसा मरे? माइक कानाला गेला. "बरो आसां, बाबा," दिना म्हणाला, त्या मोकळ्या जागेत, बरोबर वेळेवर. बाबांनी मान हलवली. जेवण बरें मेळटा मरे? "मेळटा." शालू रडायला लागली. चवथीच्या प्रश्नाला मात्र त्याला काही बोलता आलं नाही. त्याच्या खिशात दुसऱ्या दिवशीचं तिकीट होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. दोन्ही प्रश्नांना त्यानं उत्तरं दिली. मग बाबांनी आवाज खाली आणून विचारलं, "चवथीक येतलो मरे?"

"येतां, बाबा," दिना म्हणाला.

पुंडलिकबाबांनी माइक कानाशी दाबून सगळं ऐकून घेतलं. मग डोळे उघडले आणि म्हणाले, "कांय हरकत ना. काम आसतलें. फुडल्या वर्सा यो."